थेंब आत जावा म्हणून

डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की थोड्या वेळाने घशात कडू लागतं. हा अनुभव इतका सर्रास आहे की त्याचं कारण विचारावं असं कुणाच्या मनात येत नाही. कारण सरळ आहे. डोळ्यासाठी विकत घेतलेलं औषध आपण गिळत असतो.

बाटलीतून पडणारा थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलीटरचा असतो (मायक्रोलीटर म्हणजे मिलीलीटरचा हजारावा भाग). खालच्या पापणीच्या आतल्या खोबणीत एरवी सात-आठ मायक्रोलीटर अश्रू असतात, आणि फार तर तीसच्या आसपास मावतात. त्यामुळे थेंब पडता पडताच त्यातला काही भाग गालावर ओघळतो. उरलेला पापण्यांच्या उघडझापीबरोबर नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून अश्रुनलिकेत, तिथून नाकात आणि नाकातून घशात उतरतो. काही मिनिटांत डोळा पुन्हा होता तसा होतो. डोळ्याच्या आतल्या पाण्यात जे पोचतं ते टाकलेल्या औषधाच्या पाच टक्क्यांहूनही कमी असतं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी तरी हे मनापासून करावं. टिमोलॉलसारखं औषध नाकातून रक्तात गेलं तर नाडी मंदावते, दम्याच्या माणसाला धाप लागते.

जे पाच टक्के आत जातात म्हणतो, त्यांचीही वाट सोपी नाही. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून जराशीच जाड असते. तिचा सगळ्यात बाहेरचा थर अवघा 50 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. त्यात पेशींच्या पाच ते सात ओळी, आणि सर्वांत वरच्या ओळीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या की मधून पाणीही सहज जाऊ नये. नव्याने शाकारलेल्या कौलारू छपरावरून पावसाचं पाणी जसं निघून जातं, तसं पाण्यात विरघळलेलं औषध या थरावरून निघून जातं. स्निग्धात विरघळणारं औषध असेल तर ते पेशींच्या आवरणांतून वाट काढतं खरं, पण त्याखाली कॉर्नियाचा मुख्य भाग आहे, सगळ्या जाडीच्या जवळजवळ नऊ दशांश, आणि तो कोलॅजनच्या तंतूंचा आणि पाण्याचा. तिथे स्निग्ध औषध अडखळतं. म्हणजे दोन्हीकडे जमवून घेणारा रेणू हवा, आणि तो लहानही हवा. असे रेणू थोडे. धूळ, घाम, जंतू यांच्यापासून दृष्टी सांभाळायला निसर्गाने केलेली ही तटबंदी आहे. औषध आणि जंतू यांच्यात ती भेद करत नाही.

हे सगळं मी हौसेने वाचलेलं नाही. शिरोळ तालुक्यात आमच्या काकांची उसाची शेती आहे. पाला काढताना उसाची पात त्यांच्या उजव्या डोळ्याला लागली. ऊसपट्ट्यात हे इतकं नेहमीचं की कुणी त्याला अपघात म्हणत नाही. डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं, तसं गावातल्या मेडिकलमधून थेंबांची बाटली आणली. चिठ्ठी मागितली नाही, आणि दिली ती बाटली स्टेरॉइडची होती. स्टेरॉइडने लाली उतरते, ठणका कमी होतो, माणसाला वाटतं बरं वाटायला लागलं. पातीबरोबर आत गेलेल्या बुरशीला मात्र तेवढ्यात रान मोकळं मिळतं. शरीराचा प्रतिकारच त्या औषधाने थोपवून धरलेला असतो. काकूंच्या लक्षात आलं तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका उठला होता.

मिरजेतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी डोळा बधिर केला आणि जखमेच्या कडेचा कण बारीक पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतला. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि मला म्हणाल्या, "या, बघा." काचेवर फाटे फुटलेल्या काड्यांसारखे धागे दिसत होते, मध्येमध्ये आडव्या रेघा असलेले. त्याच बाईंनी मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, काकांचा डोळाही दाखवला. जखमेची कड पिसासारखी विस्कटलेली होती आणि थोडं दूर अजून दोन लहान पांढरे ठिपके होते. बुरशीची जखम अशीच दिसते, मुख्य जागा सोडून आजूबाजूला ठाणी मांडते.

औषध दिलं ते नॅटामायसिन, पाच टक्के. दुधासारखं पांढरं, बाटली हलवून घ्यायची, दर तासाला एक थेंब, सुरुवातीला रात्रीही. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. ते औषध पापण्यांच्या कडेला आणि जखमेच्या खळग्यात पिठासारखं साचायचं, ओल्या कापसाने पुसून काढावं लागायचं. एकदा पहाटेच्या थेंबाला काकांनी विचारलं, "दर तासाला घालताय खरं, पण आत काय जातंय का?" सकाळी तपासणीच्या वेळी मी तोच प्रश्न पुढे केला. डॉक्टरीणबाई काकांकडेच बघत म्हणाल्या, "काका, औषध अगदी बरोबर आहे. ते खोल उतरत नाही, एवढीच अडचण आहे."

एवढीच अडचण! मला ते वाक्य सोडेना.

नॅटामायसिनची हकीकत पुढे वाचली आणि त्या वाक्याचं वजन कळलं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या मातीत 1950च्या दशकात सापडलेल्या जिवाणूपासून हे औषध मिळालं. अमेरिकेत 1978 साली डोळ्यासाठी त्याला मान्यता मिळाली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेबरोबर एक मोठी चाचणी केली, 2013 साली तिचे निष्कर्ष आले. नव्या, महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा जुनं नॅटामायसिन सरस ठरलं, विशेषतः फ्युझेरियम या बुरशीवर. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीचं औषध आजही पहिल्या पसंतीचं आहे. आता दुसरी गोष्ट. हेच नॅटामायसिन युरोपात चीजच्या सालीवर लावतात, बुरशी येऊ नये म्हणून. तिथे त्याची मोठी उपयुक्तता ही, की ते पृष्ठभागावर राहतं, आत झिरपत नाही. चीजवर जो गुण, तोच काकांच्या डोळ्यात अडथळा झाला होता. रेणू मोठा, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा, आणि बुरशीचे धागे कॉर्नियाच्या तंतूंमधून खाली खाली चाललेले.

डॉक्टर अशा वेळी काय करतात, तर दर काही दिवसांनी जखमेवरचा थर पात्याने खरवडून काढतात. मेलेली पेशी, साचलेलं औषध, वरची बुरशी निघते आणि पुढचे थेंब जरा खोल जातात. काकांचं ते मी पाहिलं. डोळा बधिर केलेला असला तरी पातं जवळ येताना दिसतंच. त्यांनी माझं मनगट धरलं होतं ते खरवडणं संपेपर्यंत सोडलं नाही. यानेही भागलं नाही तर सुईने थेट कॉर्नियाच्या थरात औषध टोचतात. त्यापुढे नेत्ररोपण. काकांचा डोळा वाचला, फूल मात्र पडलं. त्या डोळ्याने त्यांना समोर धरलेली बोटं मोजता येतात.

म्हणून जेव्हा मी पहिल्यांदा वाचलं की ध्वनिलहरींनी कॉर्नियाचा वरचा थर थोडा वेळ सैल करता येतो, पात्याशिवाय, पाच मिनिटांत, तेव्हा मी ते पान वाचून बाजूला ठेवू शकलो नाही. त्यानंतर या विषयावर जे हाताला लागलं ते वाचत आलो आहे.

माणसाच्या कानाला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा तो अल्ट्रासाऊंड. डोळ्याचं आणि त्याचं नातं जुनं आहे. डोळ्याच्या तपासणीसाठी तो 1956 पासून वापरात आला. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स केलमन दाताच्या डॉक्टरकडे गेले असताना दात साफ करणारं कंप पावणारं उपकरण त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं की मोतीबिंदू असाच फोडता येईल. 1967 साली त्यांनी ते माणसाच्या डोळ्यात करून दाखवलं. आज गावोगावच्या शिबिरांत लोक "फेको करून आलो" म्हणतात ते हेच. त्यात वापरलेल्या सुईचं टोक सेकंदाला सुमारे 40 हजार वेळा हलतं. डोळ्याची लांबी मोजायला, कॉर्नियाची जाडी मोजायला, पडदा सुटलाय का पाहायला अल्ट्रासाऊंड रोज वापरला जातो. औषध आत नेण्यासाठी मात्र तो आधी कातडीवर आजमावला गेला. 1954 साली व्हिएन्नामध्ये फेलिंगर आणि श्मिड यांनी हाताच्या सांधेदुखीवर हायड्रोकॉर्टिझोनचं मलम लावून वरून अल्ट्रासाऊंड दिला. फिजिओथेरपीत आजही दुखऱ्या खांद्यावर जेलबरोबर औषध लावून प्रोब फिरवतात, त्याचं मूळ तिथे.

या वाटेवर एक मोठा टप्पा आपल्याकडच्या माणसाचा आहे. समीर मित्रगोत्री मुंबईच्या यूडीसीटीमधून, म्हणजे माटुंग्याच्या आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमधून, केमिकल इंजिनिअर होऊन अमेरिकेतल्या एमआयटीला गेले. तिथे रॉबर्ट लँगर आणि डॅनियल ब्लँकश्टाइन यांच्याबरोबर त्यांनी 1995 साली दाखवलं की 20 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 20 हजार कंपनांच्या, अगदी खालच्या पट्टीतल्या अल्ट्रासाऊंडने इन्सुलिनसारखी मोठी प्रथिनंसुद्धा कातडीतून पार होतात. तोवर बहुतेक जण वरच्या पट्टीतच शोधत होते. ज्यांना वाटतं की शोध म्हणजे नवं औषध, त्यांनी हे काम पाहावं. औषध तेच ठेवून वाट बदलायची, या एका विचारावर त्यांनी पुढचं आयुष्य उभं केलं, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

पण कातडीचा बाहेरचा थर मेलेल्या पेशींचा. त्यात भोकं पडली तर बिघडत नाही, तो झडणारच असतो. कॉर्निया जिवंत आहे आणि ती पारदर्शक राहिली तरच तिचा उपयोग. त्यामुळे डोळ्यात हे काम नेणाऱ्यांना सगळं नव्याने तपासावं लागलं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वेस्ना झ्देरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली सशांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे झ्देरिक जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात गेल्या आणि तिथे हे काम चालू राहिलं.

प्रयोगाची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. अल्ट्रासाऊंड हवेतून नीट जात नाही, सोनोग्राफीला पोटावर जेल लावतात ते म्हणूनच. डोळ्यावर जेलऐवजी एक लहान कप बसवतात आणि तो औषधाच्या द्रावणानेच भरतात. ध्वनी निर्माण करणाऱ्या चकतीचं तोंड त्या द्रावणात बुडवतात. म्हणजे जे औषध आत जायचं, त्याच्याच अंगातून ध्वनी कॉर्नियावर येतो. वर सांगितलेला प्रश्नही इथे सुटतो, कारण पाच मिनिटं औषध कपात राहतं, घशात उतरत नाही. सशांवरच्या त्या पहिल्या प्रयोगात औषधाऐवजी फ्लुरोसीन हा चमकणारा रंग वापरला होता, कारण तो आत किती गेला हे मोजता येतं. 880 किलोहर्ट्झ, पाच मिनिटं. ध्वनीची तीव्रता चौरस सेंटिमीटरला 0.19 वॅट होती तेव्हा डोळ्याच्या आतल्या पाण्यात रंग नुसत्या भिजवण्याच्या दुपटीहून थोडा जास्त गेला. तीव्रता 0.56 वॅटवर नेली तेव्हा दहापट. 2014च्या सुमारास त्यांनी डेक्सामेथासोन या औषधावर सशांमध्येच काम केलं. 400 ते 600 किलोहर्ट्झ आणि 0.8 वॅट तीव्रतेला ते सुमारे अडीच पट जास्त पोचलं.

हे होतं कसं? गंमत अशी की ध्वनी औषधाला ढकलत नेतो हा या कामातला लहान वाटा. मोठा वाटा बुडबुड्यांचा आहे. द्रावणात विरघळलेली हवा असते. ध्वनिलहर जाते तेव्हा तिथला दाब क्षणात कमी, क्षणात जास्त होतो. दाब उतरला की हवेचे सूक्ष्म बुडबुडे फुगतात, चढला की आक्रसतात. काही तसेच धडधडत राहतात आणि आजूबाजूच्या पाण्यात भोवरे उठवतात. काही मात्र एकदम कोसळून मिटतात, आणि भिंतीजवळ मिटताना पाण्याची अतिसूक्ष्म पिचकारी भिंतीवर मारतात. जहाजांचे पंखे याच कारणाने खरबरीत होतात. ब्रिटिश नौदलाची ही तक्रार होती, आणि कोसळणाऱ्या बुडबुड्यात दाब किती चढतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 साली मांडलं. पितळेला खड्डे पाडणारी ही ताकद जिवंत डोळ्यावर वापरायची आणि वरच्या एक-दोन पेशींच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही, हे खरं कसब.

इथे कंपनसंख्येची निवड निर्णायक ठरते. कंपनं जितकी जास्त, तितका त्यांना साथ देणारा बुडबुडा लहान. 20 किलोहर्ट्झला या बुडबुड्याची त्रिज्या सुमारे 150 मायक्रॉन भरते, कॉर्नियाच्या वरच्या पेशीपेक्षा कितीतरी मोठी. एक मेगाहर्ट्झला, म्हणजे हजार किलोहर्ट्झला, ती तीन मायक्रॉनच्या आसपास येते, पेशीहून लहान. कातडीवर मोठ्या बुडबुड्यांची धडक हवी होती. डोळ्यावर लहान बुडबुड्यांची टोचणी पुरे आणि बरी. म्हणून कॉर्नियावरचं बरंच काम 400 किलोहर्ट्झ ते एक मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आलं. प्रयोगानंतर त्या सशांच्या कॉर्नियावर वरच्या थरात बारीक खळगे दिसले आणि काही तासांत ते भरत आले. तो थर तसाही आठवडाभरात सगळाच नवा होतो. घरात धुळीने ओरखडा आला तर एक-दोन दिवसांत डोळा आपोआप बरा होतो, तो याच गुणामुळे.

मला धास्ती वाटते ती कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थराची. तो एकाच ओळीचा. प्रौढ माणसात चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजार पेशी, आणि त्या मेल्या तर माणसात पुन्हा तयार होत नाहीत. कॉर्नियातलं पाणी सतत उपसून ती पारदर्शक ठेवणं हे त्यांचं काम. पेशी फार कमी झाल्या की कॉर्निया फुगते आणि धुरकट होते. फेकोत फार वेळ आणि फार जोराचा अल्ट्रासाऊंड लागला तर याच पेशी जातात, हे मोतीबिंदूच्या सर्जनना चांगलं ठाऊक आहे. दुसरी काळजी उष्णतेची. कॉर्नियात आणि भिंगात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे साचलेली उष्णता वाहून न्यायला कुणी नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, डोळ्याच्या सोनोग्राफीसाठी वेगळी, फार कडक मर्यादा घातली आहे. शरीरात इतरत्र चौरस सेंटिमीटरला 720 मिलीवॅटपर्यंत चालतं, डोळ्यात 50. औषध आत नेण्याच्या प्रयोगातले 0.8 वॅट म्हणजे 800 मिलीवॅट, त्या मर्यादेच्या सोळा पट. तपासणी आणि उपचार यांचे निकष वेगळे असतात हे मान्य. मोतीबिंदू फोडताना आपण याहून पुष्कळ पुढे जातोच. तरी हा आकडा डोळ्यासमोर ठेवूनच या संशोधनाकडे बघावं. आज नेत्रदवाखान्यांच्या नेहमीच्या उपचारात हे तंत्र आलेलं नाही, त्याचं एक मोठं कारण या आकड्यात आहे.

कॉर्नियावरच्या आणखी एका कामाचा उल्लेख करतो, कारण ते आपल्याकडच्या तरुण मुलांशी संबंधित आहे. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते. त्यावर रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, आणि अतिनील किरण देऊन तंतू घट्ट करतात. रायबोफ्लेविन वरच्या थरातून फारसं जात नाही, म्हणून नेहमीच्या पद्धतीत तो थर खरवडून काढतात, आणि पुढचे दोन-तीन दिवस डोळ्यात काच खुपावी तसं दुखतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी 2013 साली सशांच्या डोळ्यात दाखवलं की अल्ट्रासाऊंड दिल्यावर थर न काढताही रायबोफ्लेविन जास्त आत जातं. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला हे दुखणं चुकलं तर त्याची किंमत त्याच्या आईला विचारावी.

डोळ्याच्या मागच्या पडद्याबद्दलच्या आशा याहून मोठ्या आहेत, आणि बातम्याही त्याच्याच जास्त येतात. समजण्यासारखं आहे. मधुमेहाने किंवा वयोमानाने पडद्यावर सूज आलेल्यांना 2006 आणि त्यानंतर नवी इंजेक्शनं मिळाली, आणि ती थेट डोळ्यात घ्यावी लागतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, 0.05 मिलीलीटर. सुरुवातीला तरी परत महिन्याने. भारतात दहा कोटींवर मधुमेही आहेत, तेव्हा या सुईला पर्याय हवाच. हाँगकाँगमध्ये यिंग चाऊ यांच्या गटाने 40 किलोहर्ट्झच्या सौम्य अल्ट्रासाऊंडने सशाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातून मोठे रेणू मागे नेऊन दाखवले. अमेरिकेत बोस्टनमध्ये मॅकडॅनल्ड यांच्या गटाने उंदरांच्या रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून अल्ट्रासाऊंडने रक्त आणि पडदा यांच्यातली तटबंदी थोडा वेळ उघडली, 2012 साली. कॅनडात टोरोंटोमध्ये 2015 साली मेंदूच्या तशाच तटबंदीबाबत, कवटी न उघडता बाहेरून अल्ट्रासाऊंड देऊन, माणसावर पहिला प्रयोग झाला. तरी माझं मत असं की पडद्यापर्यंतची वाट लांब आहे. पांढऱ्या थरातून औषध पार झालं तरी त्यामागे रक्तवाहिन्यांचं घनदाट जाळं आहे, ते औषध धुऊन नेतं, आणि त्यापुढे पुन्हा घट्ट बिलगलेल्या पेशींची रांग. शिवाय इंजेक्शन कितीही नकोसं वाटलं तरी ते काम करतं, मोजून तेवढं औषध नेमक्या जागी पोचवतं. त्याच्याशी बरोबरी करायची तर अल्ट्रासाऊंडला फारच नेमकेपणा आणावा लागेल.

बुरशीच्या जखमेचं तसं नाही. रोग पृष्ठभागाजवळ आहे, डोळ्यांना दिसतो आहे. औषध स्वस्त आहे, पेटंट नाही. आजचा पर्याय पातं आणि सुई, आणि अपयश म्हणजे डोळा गेला. माझ्या मते या तंत्राचा पहिला हक्क इथला आहे. नवं औषध शोधायला लागतात तितके पैसे इथे लागणार नाहीत. पण ज्यांना ही जखम होते ते उसाच्या, भाताच्या, ज्वारीच्या रानात राबणारे लोक, त्यांच्यासाठी उपकरण बनवून कुणी श्रीमंत होणार नाही. प्रयोगाचा पैसा पडद्याच्या आजारांकडे का वळतो, हे ओळखायला फार शहाणपण लागत नाही. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

याला वैद्यकीय आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जखम आहे तिथे वरचा थर आधीच गेलेला असतो. मग अल्ट्रासाऊंड सैल काय करणार?" प्रश्न बिनतोड. नॅटामायसिन अडतं ते पुढे, तंतूंच्या थरात. तिथे बुडबुड्यांच्या भोवऱ्यांनी आणि ध्वनीने उठवलेल्या प्रवाहाने औषध खाली सरकतं का, हे वेगळं मोजावं लागेल. दुसरं त्या म्हणाल्या, "बुरशीने कुरतडलेली कॉर्निया कागदासारखी पातळ होते कधीकधी. तिच्यावर बुडबुडे फुटले आणि भोक पडलं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. या लेखात ज्या प्रयोगांचे आकडे दिले, त्यांतले ससे निरोगी डोळ्यांचे होते. निरोगी कॉर्नियाचे आकडे कुरतडलेल्या कॉर्नियाला लागू करणं धोक्याचं आहे.

मग काय करून बघता येईल, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून दाखवलं. रोपणासाठी अयोग्य ठरलेल्या कॉर्निया नेत्रपेढ्यांकडे असतात, त्या संशोधनासाठी मिळू शकतात. त्यात फ्युझेरियम वाढवायचं. काहींवर नुसतं नॅटामायसिन, काहींवर खरवडून नॅटामायसिन, काहींवर नॅटामायसिन कपात भरून पाच मिनिटं अल्ट्रासाऊंड. मग काप घेऊन औषध किती मायक्रॉन खाली गेलं आणि तिथली बुरशी मेली का, हे पाहायचं. सोबत आतल्या थरातल्या पेशी मोजायच्या, आधी आणि नंतर. खोली अर्ध्या जाडीहून कमी असलेल्या जखमाच आधी घ्यायच्या, पातळ झालेल्यांना हात लावायचा नाही. आणि तुलना नुसत्या थेंबांशी करून थांबायचं नाही, खरवडण्याशी करायची, कारण दवाखान्यात प्रत्यक्ष तेच केलं जातं. या शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.